कोनी आयलंडचीं लुप्त उद्यानें आणि न बांधलेला गोल मनोरा

कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील मजकूरहि खरा ठरला, अशी समजूत साधनसंग्राहकांमध्यें पुष्कळ वेळां आढळते. कागद त्या काळचा आहे, छपाई त्या काळची आहे, तारीख जुळते, एवढें निश्चित झालें कीं परीक्षा संपली असें वाटूं लागतें. वास्तविक तेथें परीक्षेचा पहिला भाग मात्र संपतो. अस्सल कागदहि खोटें सांगूं शकतो, आणि तो अस्सल असल्यामुळेंच त्याचें खोटें फार काळ टिकतें. वंशावळी, सनदा, लढायांचीं वर्णनें यांच्या बाबतींत ही गोष्ट आपल्या संशोधकांस नवी नाहीं. परंतु ज्या कागदांकडे आपण केवळ कौतुकाच्या वस्तु म्हणून पाहतों, तीं सचित्र पोस्टकार्डें, तमाशांचीं तिकिटें, कंपन्यांचीं विवरणपत्रें, यांनाहि हीच कसोटी लावावी लागते. तें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेखांत एक दूरचें उदाहरण घेतलें आहे.

तें उदाहरण अमेरिकेंतील न्यू यॉर्क शहराच्या समुद्रकांठचें आहे. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकास कोनी आयलंड नांवाचा जो वाळूचा पट्टा आहे, तेथें १८९५ ते १९०४ या दहा वर्षांत करमणुकीचीं चार मोठीं उद्यानें निर्माण झालीं. आज त्यांपैकीं एकहि नाहीं. त्याच जागीं १९०६ सालीं एक पांचवें आश्चर्य जाहीर झालें. तें कधींच उभें राहिलें नाहीं. मौज अशी कीं, जें उभें राहिलें नाहीं त्याचें चित्र, त्याची उंची, त्याच्या मजल्यांची संख्या हें सर्व व्यवस्थित उपलब्ध आहे. आणि जीं उभीं राहिलीं, त्यांतील कित्येकांच्या पायाची खूणहि जागेवर उरली नाहीं. अशा स्थितींत जें होतें तें व जें नव्हतें तें यांची निवड कशी करावयाची, हा या लेखाचा विषय होय.

१

कोनी आयलंड हें आतां नांवापुरतें बेट आहे. मधली खाडी बरीच बुजविली गेल्यामुळें तें मुख्य भूमीस जोडलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडी व आगबोट यांची सोय झाल्यावर शहरांतील लोक उन्हाळ्यांत तेथें लोटूं लागले. १८८४ सालीं लामार्कस टॉम्सन यानें उतारावरून आपल्याच वेगानें धांवणारी लहान गाडी तेथें चालू केली. १८८५ मध्यें जेम्स लॅफर्टी याच्या कल्पनेप्रमाणें लांकूड व पत्रा यांचा १२२ फूट उंचीचा एक पोकळ हत्ती उभारण्यांत आला. त्याच्या पोटांत व पायांत खोल्या होत्या. १८९६ च्या सप्टेंबरांत तो जळाला. याच लॅफर्टीनें १८८१ मध्यें न्यू जर्सी प्रांतांतील मार्गेट येथें बांधलेला सुमारें ६५ फूट उंचीचा हत्ती मात्र अद्याप उभा आहे. एकाच कल्पकाच्या दोन वास्तूंपैकीं एक राहिली व एक गेली; तेव्हां अशा हत्तीचें चित्र हातीं आलें तर तें कोणत्या हत्तीचें, हें आधीं ठरवावें लागतें.

हे सर्व सुटे खेळ होते. भोंवतीं कुंपण घालून व दारावर पैसे घेऊन आंत अनेक खेळ एकत्र दाखविण्याची पद्धति येथें १८९५ मध्यें पॉल बॉइटन यानें सुरू केली. रबराचा पोशाख घालून नद्या व सामुद्रधुन्या पोहून जाण्याबद्दल त्याची प्रसिद्धि होती. त्याच्या ‘सी लायन पार्क’ मध्यें समुद्रसिंहांचे खेळ होत, व उंच उतारावरून सपाट बुडाच्या होड्या तलावांत सोडीत. १८९७ सालीं जॉर्ज टिल्यू यानें ‘स्टीपलचेस पार्क’ हें दुसरें उद्यान काढलें. रुळांवरून उताराकडे धांवणाऱ्या लांकडी घोड्यांची शर्यत हें त्याचें मुख्य आकर्षण होतें, व त्यावरूनच त्याला हें नांव पडलें.

या टिल्यूची एक गोष्ट आपल्या विषयास फार उपयोगी आहे. १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत फेरिस या अभियंत्यानें २६४ फूट उंचीचा जगप्रसिद्ध आकाशपाळणा उभारला होता. टिल्यूनें तो विकत मागितला, परंतु तो मिळण्यासारखा नव्हता. तेव्हां त्यानें सुमारें १२५ फुटांचा, म्हणजे निम्म्याहून लहान, असा दुसरा पाळणा बनविण्यास सांगितलें; आणि पाळणा येण्यापूर्वींच कोनी आयलंडवर पाटी लावली कीं, जगांतील सर्वांत मोठा पाळणा या जागीं होणार आहे. पाटी पाहून आसपासच्या जागेस दुकानदारांची मागणी आली, त्यांच्या पैशांत पाळण्याची किंमत भागली, आणि पाळणा खरोखरच उभा राहिला.

ही पाटी उद्यां कोणाच्या संग्रहांत निघाली तर तिच्यावरून काय सिद्ध होईल? पाळणा होता, हें खरें ठरेल. परंतु तें पाटीवरून ठरणार नाहीं, इतर पुराव्यावरून ठरेल. तो जगांत सर्वांत मोठा होता, हें साफ खोटें ठरेल. पाटी स्वतः सांगते तें इतकेंच कीं, मालकाला लोकांस काय पटवावयाचें होतें. कोनी आयलंडच्या सर्व कागदांस हीच रीत लागू पडते.

२

बॉइटनचें उद्यान १९०२ च्या हंगामानंतर बंद पडलें. ती जागा फ्रेडरिक टॉम्सन व एल्मर डंडी या जोडीनें घेतली. १९०१ सालीं बफलो येथील प्रदर्शनांत या दोघांनीं चंद्रलोकाच्या प्रवासाचा एक देखावा दाखवून नांव मिळविलें होतें, व १९०२ चा हंगाम त्यांनीं तोच देखावा टिल्यूच्या उद्यानांत दाखविला होता. १६ मे १९०३ रोजीं त्यांचें ‘लुना पार्क’ उघडलें. मनोरे, घुमट व कमानी यांची तेथें दाटी होती, आणि त्या सर्वांच्या कडांवर विजेचे दिवे लाविले होते. दिव्यांची संख्या अडीच लक्ष असल्याचें सांगत. ज्या काळीं कित्येक शहरांतील घरांत अद्याप रॉकेलचा दिवा जळत होता, त्या काळीं रात्रीं समुद्रावरून दिसणारा हा प्रकाश हेंच मोठें नवल होतें.

पुढच्याच वर्षीं, मे १९०४ मध्यें, विल्यम रेनॉल्ड्स या माजी प्रांतिक सिनेटरानें ‘ड्रीमलँड’ हें चौथें उद्यान काढून लुनाशीं स्पर्धा मांडली. लुना रंगीबेरंगी, तर हें बहुतेक सर्व पांढरें शुभ्र. लुनाचे दिवे अडीच लक्ष, तर याचे दहा लक्ष. मध्यभागीं ३७५ फूट उंचीचा म्हणून सांगितलेला मनोरा. एकंदर खर्च ३५ लक्ष डॉलर झाल्याची प्रसिद्धि होती. हे सर्व आंकडे वाटोळे आहेत, व ते मालकांच्या तोंडचे आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. दिवे कोणी मोजले होते असें नाहीं. प्रतिस्पर्ध्याच्या चौपट आंकडा सांगणें ही त्या धंद्याची भाषाच होती. सैन्याची संख्या सांगतांना आपले बखरकारहि त्याच भाषेचा आश्रय करीत.

या दोन्ही उद्यानांच्या इमारती बहुतांशीं लांकडी सांगाड्यावर गिलाव्यासारखें तंतुमिश्रित मिश्रण चढवून केलेल्या होत्या. प्रदर्शनांच्या तात्पुरत्या इमारतींसाठीं ही रीत प्रचारांत आली होती. दुरून संगमरवराचा भास होई, परंतु आंत वाळलेलें लांकूड व वर विजेच्या तारा. या वास्तूंचा इतिहास इतका आंखूड कां, याचें कारण त्यांच्या बांधणींतच आहे.

हिंदुस्थानच्या इतिहासाशीं या उद्यानांचा एका ठिकाणीं प्रत्यक्ष संबंध येतो. जानेवारी १९०३ मध्यें सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झन यानें दिल्लीस दरबार भरविला. त्याचीं वर्णनें व छायाचित्रें जगभर पसरलीं, आणि १९०४ च्या हंगामांत लुना पार्कमध्यें ‘दिल्लीचे रस्ते’ या नांवाचा देखावा उभा राहिला. त्यांत दरबारी मिरवणुकीचें अनुकरण हत्तींसह दाखवीत. म्हणजे दिल्लींत जो देखावा एका साम्राज्यानें आपलें वैभव मिरविण्यासाठीं रचला, त्याचाच दुसरा देखावा सव्वा वर्षांत ब्रुकलिनच्या वाळूवर तिकीट लावून दाखविण्यांत आला. दरबाराचीं चित्रें जमविणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हत्ती, अंबारी, कमानी व गर्दी इतकें दिसलें म्हणजे चित्र दिल्लीचेंच असें धरून चालणें धोक्याचें आहे. छापणाऱ्याचें नांव व मागील बाजू पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये.

हत्तीवरूनच दुसरी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण तीत अस्सल साधन व त्याभोंवतीं वाढलेली दंतकथा यांचा भेद स्पष्ट दिसतो. ४ जानेवारी १९०३ रोजीं, लुना पार्कचें बांधकाम चालू असतां, टॉप्सी नांवाच्या सर्कशींतील हत्तिणीस त्याच आवारांत विजेच्या धक्क्यानें ठार मारण्यांत आलें. एडिसनच्या नांवानें चालणाऱ्या चित्रपट कंपनीनें त्या प्रसंगाचा चित्रपट घेतला, व तो उपलब्ध आहे. यावरून पुढें अशी कथा रूढ झाली कीं, प्रतिस्पर्ध्यांची विद्युत्पद्धति घातक आहे हें सिद्ध करण्यासाठीं स्वतः एडिसननेंच हा वध घडवून आणला. परंतु त्या दोन विद्युत्पद्धतींचा झगडा त्यापूर्वीं सुमारें दहा वर्षेंच मिटलेला होता, आणि प्रत्यक्ष वधाशीं एडिसनचा संबंध असल्यास पुरावा नाहीं. चित्रपट खरा, हत्तीण खरी, जागा खरी. तीं जोडणारी कथा मागाहून तयार झालेली. आणि कथेचा निकाल लावल्यानें त्या मुक्या प्राण्यावर झालेला अत्याचार कमी होत नाहीं. तो कोणीं व कशासाठीं केला, हा प्रश्न उलट नीट विचारतां येतो. नव्या उद्यानाच्या जाहिरातीशीं त्याचा निकट संबंध होता.

३

अशा वातावरणांत १९०६ च्या मे महिन्यांत सॅम्युएल फ्रीडी याच्या गोल मनोऱ्याची जाहिरात न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत झळकली. टिल्यूच्या उद्यानांतील एक तुकडा भाड्यानें घेऊन त्यावर हा मनोरा उभारावयाचा होता. उंची ७०० फूट. आकार पृथ्वीच्या गोलाचा, आणि तो गोल प्रचंड पोलादी पायांवर तोललेला. मजले अकरा. एका वेळीं ५०,००० माणसें आंत मावतील अशी व्यवस्था. गोलाच्या आंत चार रिंगणांची सर्कस, नाचण्याचा दिवाणखाना, हळूहळू फिरत राहणारें उपाहारगृह, माडांचें उद्यान, त्याच्या वर हवामानाची वेधशाळा व बिनतारी संदेशाचें ठाणें, आणि शेंड्यावर फिरता विद्युद्दीप. खर्च १५ लक्ष डॉलर. सामान्य माणसांनीं भाग घेऊन या लाभांत वांटेकरी व्हावें, असें जाहिरातीचें सांगणें होतें.

या विवरणाची अंतर्गत परीक्षा केली तर काय दिसतें? त्या वेळीं अमेरिकेंतील सर्वांत उंच बांधकाम म्हणजे वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ. त्याची उंची ५५५ फूट. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ पासून सुमारें ९८४ फूट उंच उभा होता. परंतु तो टोंकाकडे निमुळता होत जातो, त्याच्या माथ्यावर सर्कस नाहीं. येथें तर वजनाचा सर्व भार उंचावर होता, आणि खालीं होती समुद्रकांठची वाळू. दुसरें असें कीं, लांकूड व गिलावा यांच्या ड्रीमलँडला ३५ लक्ष डॉलर लागले म्हणतात, आणि ७०० फुटांचा पोलादी गोल १५ लक्षांत होणार! दोन्ही आंकडे एकदम खरे असणें कठीण आहे. एक फुगविलेला असावा, दुसरा भागधारकांस स्वस्त वाटावा म्हणून उतरविलेला असावा. ही तुलना करण्यास स्थापत्यशास्त्र यावें लागत नाहीं. दोन जाहिराती शेजारी ठेवाव्या लागतात.

तथापि लोकांनीं पैसे दिले. त्याचें कारण केवळ भोळेपणा होय, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यांनीं १९०२ मध्यें पडीक पाहिलेली जागा १९०३ मध्यें लक्षावधि दिव्यांनीं उजळलेली पाहिली, त्यांना अशक्य म्हणजे काय याची मर्यादाच राहिली नव्हती. शिवाय विधि यथासांग झाले. २६ मे १९०६ रोजीं समारंभपूर्वक कोनशिला बसविण्यांत आली. १९०७ च्या फेब्रुवारींत पोलादाचा पहिला तुकडा बसविण्याचा दुसरा समारंभ झाला. पायाचें थोडें काम झालें. त्यापुढें कांहींच झालें नाहीं, आणि १९०८ पर्यंत हा सारा प्रकार फसवणुकीचा असल्याचें लोकांस कळून चुकलें. मनोऱ्याचा इतिहास येथें संपतो.

त्याच्या चित्राचा इतिहास मात्र येथें सुरू होतो. मनोरा होणार या समजुतीनें त्याचीं रंगीत पोस्टकार्डें छापलीं गेलीं होतीं. त्यांवर गोल उभा आहे, त्याच्या भोंवतीं गर्दी आहे, निशाणें फडकत आहेत. कार्डें विकलीं गेलीं, डाकेनें गेलीं, घरोघरच्या पुस्तकांत चिकटविलीं गेलीं. लुना व ड्रीमलँड यांचीं कार्डें ज्या पुस्तकांत, त्याच पुस्तकांत हेंहि. पुढें १९७८ मध्यें रेम कोल्हास या वास्तुशास्त्रज्ञानें न्यू यॉर्कवरील आपल्या ग्रंथांत या न झालेल्या मनोऱ्याची सविस्तर चर्चा केली, तेव्हां त्याला विद्वानांतहि प्रतिष्ठा मिळाली. जो मनोरा एक दिवसहि उभा नव्हता, तो आतां शंभरावर वर्षें कागदावर उभा आहे.

४

जीं उद्यानें खरोखर होतीं, त्यांचा शेवट बहुधा अग्नीनें झाला. २८ जुलै १९०७ रोजीं स्टीपलचेस जळालें. टिल्यूनें दुसऱ्या दिवशीं जळक्या अवशेषांभोंवतीं फिरण्यासाठीं दहा सेंट प्रवेश फी लावली, आणि पुढें काच व पोलाद यांचा मोठा मंडप घालून उद्यान पुन्हां उभारलें.

ड्रीमलँडचें भाग्य तसें नव्हतें. २७ मे १९११ रोजीं, हंगामाच्या आरंभींच, मध्यरात्रीनंतर तेथील ‘नरकद्वार’ नांवाच्या जलविहारांत गळती बुजविण्याचें काम चालू होतें. दिवे गेले, अंधारांत तापलेल्या डांबराची बादली कलंडली, आणि पहाटेपर्यंत सर्व उद्यान भस्म झालें. अनेक प्राणी मेले. त्याच आवारांत मार्टिन कूनी याचें, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस उबदार कांचपेट्यांत वाढविण्याचें केंद्र होतें. तीं अर्भकें सुखरूप बाहेर काढण्यांत आलीं. हा कूनी पालकांकडून पैसे घेत नसे. अर्भकें पाहण्यास येणारांच्या तिकिटांवर परिचारिकांचा खर्च चाले. रुग्णालयांनीं जें काम अद्याप हातीं घेतलें नव्हतें तें येथें तमाशाच्या तिकिटावर होत होतें, ही नोंद केवळ करमणुकीच्या इतिहासांत न ठेवतां वैद्यकाच्या इतिहासांतहि ठेवण्यासारखी आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांतून आणलेला ३०० फुटांचा लोखंडी मनोराहि याच आगींत गेला. ड्रीमलँड पुन्हां बांधलें गेलें नाहीं. त्या जागेवर १९५७ पासून न्यू यॉर्कचें मत्स्यालय आहे.

लुनाचे जनक यांपूर्वींच बाजूस झाले होते. डंडी १९०७ मध्यें वारला, टॉम्सनचें १९१२ मध्यें दिवाळें निघालें. उद्यान हस्तांतरें होत चालत राहिलें, आणि १२ ऑगस्ट १९४४ च्या आगीनें तें संपविलें. पुढें त्या जागेवर उंच निवासी इमारती झाल्या. १९१० पूर्वीं व १९४४ पूर्वीं या नांवाचें जें उद्यान, त्याहून २०१० सालीं जवळच उघडलेलें लुना पार्क अगदीं निराळें आहे; नांव तेवढें जुनें घेतलें आहे.

स्टीपलचेस सर्वांत चिवट ठरलें. तें १९६४ पर्यंत चाललें. १९६५ मध्यें फ्रेड ट्रंप या बांधकामव्यावसायिकानें ती जागा घेतली व १९६६ मध्यें टिल्यूचा मंडप पाडला. मंडपाच्या जागीं उंच निवासी इमारती उभारण्याचा बेत होता. त्यास आवश्यक ती परवानगी मिळाली नाहीं, व त्या कधींच झाल्या नाहींत. एकाच भूमीवर ही दुसरी न झालेली वास्तु होय. पहिलीच्या वेळीं उद्यान तरी उरलें होतें. दुसरीच्या नादांत तेंहि गेलें. २००१ पासून तेथें बेसबॉलचें क्रीडांगण आहे. १९३९-४० च्या जागतिक प्रदर्शनांतून १९४१ मध्यें आणलेला पॅराशूटचा मनोरा मात्र त्याच्याजवळ अद्याप उभा आहे, परंतु त्यावरून कोणी उतरत नाहीं.

५

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हातांत फक्त कागद असतां होतें व नव्हतें यांची निवड कशी करावी? या प्रकरणांत तीन प्रकारचीं साधनें विशेष उपयोगी पडतात.

पहिलें, पोस्टकार्डाची मागील बाजू. अमेरिकेंत १ मार्च १९०७ पर्यंत सचित्र कार्डाच्या मागें केवळ पत्ता लिहिण्याची मुभा होती. मजकूर लिहावयाचा तर चित्राच्या कडेच्या मोकळ्या जागेंत लिहावा लागे. त्या तारखेपासून मागील बाजूचे दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहितां येऊं लागला. गोल मनोऱ्याचें कार्ड हातीं आल्यास चित्र पाहण्याआधीं तें उलटें करावें. दुभागलेलें असेल, तर तें दुसऱ्या समारंभाच्याहि नंतरचें, म्हणजे काम थंडावलें होतें त्या काळचें ठरतें. ड्रीमलँडचीं कार्डेंहि अशींच तपासतां येतात. तें उद्यान शेवटच्या हंगामासाठीं पांढऱ्याचें बदलून मलई व तांबड्या रंगांत रंगविलें होतें. परंतु रंग छापखान्यांत भरले जात. म्हणून केवळ रंगावर भिस्त ठेवूं नये, डाकेचा शिक्काहि वाचावा.

दुसरें, विम्याचे नकाशे. सॅनबॉर्न कंपनीनें अमेरिकेंतील शहरांचे आगीच्या विम्यासाठीं मोठ्या प्रमाणावरचे नकाशे तयार केले. त्यांत प्रत्येक इमारतीचा आकार, उंची व बांधणी दाखविलेली असे. लांकडी इमारत पिवळी, विटांची गुलाबी. इमारत बदलली कीं नव्या आकाराचा तुकडा जुन्यावर चिकटवून नकाशा दुरुस्त करीत. त्यामुळें एकाच पानाच्या पोटांत कधीं कधीं दोन-तीन काळ दडलेले असतात. या नकाशांचें महत्त्व त्यांच्या हेतूंत आहे. जाहिरात करणारास मनोरा मोठा दाखविण्यांत लाभ होता. विमा कंपनीस नसलेली इमारत दाखविण्यांत कांहींच लाभ नव्हता. ज्या साक्षीदारास खोटें बोलून कांहीं मिळावयाचें नाहीं, त्याची साक्ष आधीं घ्यावी, हा नियम न्यायालयाप्रमाणें इतिहासासहि लागू आहे.

तिसरें साधन फार चमत्कारिक आहे. १९१२ पूर्वीं अमेरिकेंतील कायद्यांत चित्रपटास स्वतंत्र स्वामित्वाची सोय नव्हती, छायाचित्रास होती. म्हणून कंपन्या आपले चित्रपट कागदाच्या लांब पट्ट्यांवर छायाचित्रें म्हणून उतरवून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत दाखल करीत. मूळ ज्वालाग्राही फिती पुष्कळशा नष्ट झाल्या. कागदाच्या गुंडाळ्या कोणी न पाहतां ग्रंथालयांत पडून राहिल्या. पुढें केंप निव्हर प्रभृतींनीं त्यांवरून तीन हजारांच्या आसपास चित्रपट पुन्हां फितीवर आणिले. एडविन पोर्टर यानें १९०५ मध्यें घेतलेला ‘कोनी आयलंड रात्रीं’ हा चित्रपट त्यांपैकीं एक. त्यांत लुना व ड्रीमलँड यांचे दिवे काळोखांत रेषारेषांनीं दिसतात. दिवे किती होते हें चित्रपट सांगत नाहीं. परंतु ते होते, व ते असे दिसत, हें तो निःसंशय सांगतो. त्याच सुमारास, १९०६ मध्यें, मॅक्झिम गॉर्की तेथें गेला होता. दुरून प्रकाश अद्भुत, आंत शिरल्यावर करमणूक नीरस व माणसें कंटाळलेलीं, असा अनुभव त्यानें लिहून ठेवला आहे. चित्रपटास पहिली गोष्ट दिसली, दुसरी दिसली नाहीं. दोन्ही साधनें ठेवल्याशिवाय उद्यानाचें चित्र पुरें होत नाहीं.

६

येथवरच्या विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. योजनेचा कागद हेतूचा पुरावा आहे, वस्तूचा नाहीं. वस्तूचा पुरावा, ज्याला ती असण्यानसण्याशीं व्यवहारतः काम होतें पण बढाईचें कारण नव्हतें, अशा माणसाच्या कागदांत शोधावा. आणि अवशेष नाहींत एवढ्यावरून वस्तु नव्हती, असें ठरवूं नये. ड्रीमलँडचा दगड नाहीं, पण ड्रीमलँड होतें.

मग गोल मनोऱ्याचीं पोस्टकार्डें व विवरणपत्रें टाकून द्यावीं काय? मुळींच नाहीं. तीं ‘इमारती’ या सदरांतून काढून ‘योजना’ या सदरांत ठेवावीं, इतकेंच. त्या सदरांत त्यांचें मोल कमी होत नाहीं. १९०६ सालीं सामान्य माणसास काय शक्य वाटत होतें, तो कशावर विश्वास ठेवून आपली शिल्लक काढून देत होता, उंचीची व गर्दीची हांव किती वाढली होती, हें त्या खोट्या चित्राइतकें स्पष्ट दुसरें कोणतेंहि साधन सांगत नाहीं. खऱ्या इमारती सांगतात तें लोकांनीं काय केलें; न झालेल्या सांगतात तें लोकांना काय हवें होतें. दोहोंची सरमिसळ झाली तर दोन्ही साक्षी वाया जातात.

या दृष्टीनें संग्राहकांस विनंति आहे कीं, करमणुकीच्या जागांचे कागद क्षुद्र समजून फेकूं नयेत, आणि ठेवतांना त्यांची मागील बाजू झांकूं नये. देवळें, वाडे व किल्ले पडले तरी चौथरा उरतो. जेथें लोकांनीं सुटीचा एक दिवस घालविला, तेथें चौथराहि राहत नाहीं. तिकिटाचा एक तुकडा, विमेवाल्याच्या नकाशावरील एक पिवळा चौकोन, आणि कार्डाच्या कडेला दाटीवाटीनें लिहिलेला चार ओळींचा मजकूर, एवढेंच त्या दिवसाचें दफ्तर असतें.